साडेबारा लाखांचा देश चालवणं सोपं का नाही? मॉरिशसच्या कारभाराबद्दल

सार्वजनिक प्रशासन शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा: मॉरिशसची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, म्हणजे २०११ च्या जनगणनेतल्या नाशिक शहराहूनही कमी. क्षेत्रफळात तो गोव्यापेक्षा लहान. लोकशाही टिकलेली, शिक्षण मोफत, दरडोई उत्पन्न आपल्या कितीतरी पट. मग तिथे धोरण राबवणं अवघड आहे असं का म्हणतात? एखाद्या कर्तबगार आयुक्ताच्या हाती दिलं तर पाच वर्षांत सुतासारखं सरळ होणार नाही का?

सरकारी जमाखर्चाच्या कामात माझी बरीच वर्षं गेली, त्यातली काही हिंदी महासागरातल्या बेटांवर. त्या अनुभवावरून सांगतो: नाशिकशी तुलना केली की इथेच फसगत होते. नाशिकच्या आयुक्ताला चलन सांभाळावं लागत नाही, तटरक्षक दल ठेवावं लागत नाही, जिनिव्हाला जाऊन व्यापाराच्या वाटाघाटी कराव्या लागत नाहीत. देश म्हटला की मध्यवर्ती बँक आली, सर्वोच्च न्यायालय आलं, हवामान खातं, वकिलाती, विमान वाहतूक नियंत्रण, लेखापरीक्षण, सगळंच आलं. देश साडेबारा लाखांचा असो की दीडशे कोटींचा, ही यादी फारशी बदलत नाही, बदलतात ती कामाला मिळणारी माणसं. आपल्याकडे जागतिक व्यापाराचा एकेक विषय पाहायला वेगळे अधिकारी असतात. तिथे तोच अधिकारी सकाळी मासेमारीच्या अनुदानावर बोलतो, दुपारी औषधांच्या पेटंटवर आणि संध्याकाळी मंत्र्याचं भाषण लिहून देतो. एका खात्यात मी पाहिलं होतं, हवामान निधीचा अर्ज शुक्रवारपर्यंत जायचा होता आणि तो अर्ज भरता येणारा एकुलता एक माणूस त्याच विषयाच्या परिषदेला परदेशी गेलेला. हलगर्जी कुणाचीच नव्हती, त्याच्या टेबलापलीकडे दुसरं टेबलच नव्हतं.

पण मनुष्यबळाचा हा तुटवडा सगळीच पाठ्यपुस्तकं सांगतात, त्यावर मी जास्त वेळ घालवत नाही. माझ्या मते मॉरिशसचं खरं कोडं निराळं आहे. हा देश उभा राहिला तो एकेका गटाला काहीतरी देऊन. त्या देण्याने शांतता आली, तिचं जगभर कौतुक झालं. आज धोरण म्हणून जे काही अडलेलं दिसतं, ते बहुतेक त्या जुन्या देण्यांपैकीच एखादं असतं. आणि बेटावर दिलेलं परत घेता येत नाही, कारण ज्याच्याकडून घ्यायचं तो पुढच्याच गल्लीत राहतो.

सुरुवातीची परिस्थिती बघा. १९६० च्या सुमारास ब्रिटिशांनी जेम्स मीड या अर्थतज्ज्ञाला या बेटाचा अभ्यास करायला पाठवलं. पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १९६१ मध्ये त्यांनी काढलेला निष्कर्ष निराशेचा होता: निर्यात जवळजवळ सगळी साखरेची, बाईमागे सहाच्या आसपास मुलं, जमीन मूठभरांच्या हाती, समाज धर्मावंशात विभागलेला, हे बेट शांततेने पुढे जाईल अशी आशा कमीच. १९६७ च्या निवडणुकीत ४४ टक्क्यांच्या आसपास मतदारांनी स्वातंत्र्याच्या विरोधातल्या पक्षाला मत दिलं. जानेवारी १९६८ मध्ये राजधानी पोर्ट लुईत दंगली झाल्या, ब्रिटिश सैन्य बोलवावं लागलं, आणि त्या धगीतच १२ मार्च १९६८ ला झेंडा फडकला. म्हणजे जवळजवळ अर्ध्या लोकांना नको असलेलं स्वातंत्र्य घेऊन पंतप्रधान शिवसागर रामगुलाम यांनी कारभार सुरू केला. १९६९ मध्ये त्यांनी स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या गाएताँ द्युव्हाल यांनाच सरकारात घेतलं. त्याचीही किंमत होती: पुढची निवडणूक थेट १९७६ मध्ये झाली.

अशा देशात म्हाताऱ्यांना पेन्शन हे कल्याणकारी धोरण तर होतंच, पण खरं तर तो शांततेचा हप्ता होता. पेन्शन १९५० मध्ये सुरू झाली ती गरजूंपुरती. १९५८ मध्ये ती सर्वांना लागू झाली. १९६५ मध्ये उत्पन्नाची अट परत आली, १९७६ मध्ये परत गेली. तेव्हापासून २०२५ पर्यंत, मधलं एखादं वर्ष सोडलं तर, नियम सोपा: साठ वर्षं पूर्ण झाली की दरमहा सरकारी पेन्शन, मग तुम्ही उसाच्या शेतात राबलेले असा नाहीतर साखर कारखान्याचे मालक असा. नोकरी केली होती की नाही हेही कुणी विचारत नाही.

२००४ मध्ये एका सरकारने धीर केला. ज्यांचं उत्पन्न चांगलं आहे त्यांना पेन्शन नको, असा नियम आणला. हिशेबाने बरोबर होता, मी असतो तर मीही तेच सुचवलं असतं. पण उत्पन्न तपासायचं म्हणजे फॉर्म आले, फॉर्म म्हटले की रांगा आल्या, आणि ज्याने आयुष्यभर कर भरला त्याला आता ‘तुम्ही गरजू आहात का’ असं विचारणं आलं. २००५ मध्ये ते सरकार निवडणूक हरलं. कारणं आणखीही होती, पण नव्या सरकारने आल्याआल्या अट काढून टाकली आणि वर ज्येष्ठांना आणि विद्यार्थ्यांना बसप्रवासही फुकट केला. त्यानंतर जवळपास वीस वर्षं अर्थमंत्र्यांनी या विषयाला हात लावला तो रक्कम वाढवण्यापुरताच. २०१४ च्या प्रचारात ५,००० मॉरिशस रुपयांचं आश्वासन आलं आणि ते पाळलं गेलं. २०१९ च्या प्रचारात १३,५०० चं.

या २०१९ च्या आश्वासनावरून एक खटला झाला, तो तुम्ही जरूर वाचा. १ ऑक्टोबर २०१९ ला ज्येष्ठ नागरिक दिनाच्या सरकारी कार्यक्रमात, पोर्ट लुईजवळ पायच्या विवेकानंद सभागृहात, जेवणखाण घेत बसलेल्या ज्येष्ठांसमोर पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ यांनी पेन्शन दुप्पट करण्याची घोषणा केली. पुढच्याच महिन्यात निवडणूक झाली. एक पराभूत उमेदवार कोर्टात गेला: ही निवडणुकीसाठी दिलेली लाच आहे, पंतप्रधानांची निवड रद्द करा. खटला शेवटी लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे मॉरिशसच्या शेवटच्या अपील न्यायालयापर्यंत पोचला. ऑक्टोबर २०२३ मध्ये निकाल लागला की नाही, ही लाच नव्हे, सर्वांना लागू असलेलं धोरणाचं आश्वासन आहे. कायद्याने निकाल बरोबरच आहे. पण धोरणाच्या बाजूने पाहिलं तर त्या प्रश्नात तथ्य होतं. जिथे एका मतदारसंघात काही हजार मतं इकडची तिकडे गेली की तीन खासदार बदलतात आणि जिथे पाचातला जवळपास एक जण साठीपुढचा आहे, तिथे धोरण कुठे संपतं आणि खैरात कुठे सुरू होते हे कोण ठरवणार?

मीड यांना भीती होती अति लोकसंख्येची. झालं उलटंच. आज तिथे बाईमागे दीड मूलही नाही आणि पेन्शन घेणारे वाढताहेत. जून २०२५ च्या बजेटमध्ये पंतप्रधान नवीन रामगुलाम यांनी (अर्थखातंही त्यांच्याकडेच होतं) पेन्शनचं वय टप्प्याटप्प्याने ६० वरून ६५ करण्याचं जाहीर केलं. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळपास ९० टक्क्यांवर गेलं होतं, दुसरा मार्ग फारसा नव्हता. लगेच लोक रस्त्यावर आले आणि सरकारला साठी-पासष्टीतल्या गरजूंसाठी वेगळ्या मदतीची सोय करावी लागली. म्हणजे उत्पन्नाची अट पुढच्या दाराने हाकलली होती ती मागच्या दाराने आत आली. घोषणा करणारे हे शिवसागर रामगुलामांचे चिरंजीव आणि २००५ मध्ये अट काढून टाकणाऱ्या सरकारचेही तेच पंतप्रधान. मला यात ढोंग दिसत नाही. संसदेत तुमच्या बाजूला मुख्य बेटाच्या साठच्या साठ जागा असतात तेव्हाच असलं कडू औषध देता येतं, आणि तशी संधी तिथल्या पंतप्रधानाला क्वचितच मिळते.

साठपैकी साठ हा आकडा उगाच नाही आला. निवडणूक पद्धत हे त्या देण्याघेण्यातलं दुसरं मोठं प्रकरण. मॉरिशस बेटावर वीस मतदारसंघ, प्रत्येकातून तीन खासदार, रॉड्रिग्ज बेटाचे दोन, असे ६२. या पद्धतीत जरा मतं झुकली की सगळं पारडं एकाच बाजूला जातं. १९८२, १९९५ आणि २०२४ अशा तीन वेळा एकाच आघाडीने मुख्य बेटावरच्या साठही जागा घेतल्या. उलट २०१९ मध्ये जेमतेम ३७ टक्के मतांवर ३८ जागांचं स्पष्ट बहुमत मिळालं. यातून अल्पसंख्य समाज साफ वगळला जाऊ नये म्हणून घटनेत आणखी जास्तीत जास्त आठ जागांची सोय आहे. हरलेल्यांपैकी जास्त मतं मिळवलेल्या उमेदवारांना समाज बघून या जागा वाटल्या जातात. समाज चार: हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि उरलेले सगळे ‘सर्वसाधारण लोकसंख्या’ या नावाखाली. या चौथ्या खान्यात गुलामांचे वंशजही आहेत आणि गुलाम बाळगणाऱ्या फ्रेंच मळेवाल्यांचेही. मराठी वाचकाला हेही कळावं की मुंबई बंदरातून, मुख्यतः कोकणातून, करारावर मजूर म्हणून गेलेल्या कुटुंबांचे वंशज घटनेच्या हिशेबात हिंदूंत मोजले जातात. तमिळ आणि तेलुगू भाषक हिंदूही तिथेच. पण रोजच्या राजकारणात ही वेगवेगळी घरं आहेत. उमेदवारी देताना, मंत्रिमंडळ करताना, महामंडळाचा अध्यक्ष नेमताना ‘आमचा माणूस कुठाय’ हा प्रश्न प्रत्येक घराकडून येतो.

सुट्ट्यांची यादी पाहिली तर हे चटकन ध्यानात येतं. गणेश चतुर्थीला तिथे राष्ट्रीय सुट्टी असते. उगादी तेलुगूंची, थैपुसम कावडी तमिळांची, महाशिवरात्र, दिवाळी, ईद, चिनी नववर्ष, नाताळ. कॅथलिकांचे दोन सण, त्यांच्यात तडजोड अशी की एका वर्षी ऑगस्टमधल्या स्वर्गारोहणाची सुट्टी, दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरमधल्या सर्व संतांच्या दिवसाची. गुलामगिरी संपली तो १ फेब्रुवारी आणि भारतीय मजूर उतरले तो २ नोव्हेंबर, दोन्ही सुट्ट्या. बाहेरचा अर्थतज्ज्ञ म्हणेल, कामाचे दिवस बुडतात. मी म्हणतो, देश एकत्र ठेवण्याचा इतका स्वस्त खर्च बजेटमध्ये दुसरा सापडणार नाही.

त्या आठ जागांचं मात्र भिजत घोंगडं पडलेलं आहे. वाटप कशाच्या आधारावर? १९७२ च्या जनगणनेच्या. त्यानंतर जनगणनेत समाज विचारणंच बंद केलं. म्हणजे अर्ध्या शतकापूर्वीच्या आकड्यांवर आजच्या संसदेतली माणसं ठरतात. उमेदवाराने आपला समाज लिहून द्यायचा, नाहीतर अर्ज बाद. ‘मी फक्त मॉरिशसचा नागरिक’ असं म्हणणाऱ्या काही जणांचे अर्ज असेच बाद झाले. ते संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेले आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. २०१४ च्या निवडणुकीपुरती सक्ती उठवली, नंतर गाडी मूळपदावर. सुधारणेच्या समित्या किती बसल्या आणि उठल्या याची मोजदाद मी सोडून दिली. नवे आकडे मोजायचे म्हणजे कोण वाढलं, कोण घटलं हे उघड होणार, आणि कुणाला ते नको आहे. पद्धतच काढून टाकायची म्हटली तर ज्यांना तिचा आधार वाटतो ते घाबरतात. आणि २०२४ मध्ये काय झालं? पराभूत आघाडीला चौथ्या हिश्शाहून जास्त मतं पडूनही मुख्य बेटावर एकही जागा नाही; संसदेत तिचे जे दोघे पोचले, विरोधी पक्षनेत्यासह, ते याच मागच्या आठ खुर्च्यांतून. जातीयवादी म्हणून हिणवलेल्या पद्धतीनेच संसदेत विरोधी पक्ष शिल्लक ठेवला. माझं मत विचाराल तर आठ जागा समाजाऐवजी पक्षांच्या मतांच्या प्रमाणात वाटाव्यात, आणि आठ नव्हे, वीस असाव्यात. पण हे म्हणणं मला सोपं आहे, मला तिथे निवडून यायचं नाही.

आता त्या जवळिकीबद्दल, जी आपल्यासारख्या मोठ्या देशातल्या माणसाला पटकन कळत नाही. स्वातंत्र्यापासून आजवरच्या प्रत्येक पंतप्रधानाचं आडनाव तीनपैकी एक आहे: रामगुलाम, जगन्नाथ किंवा बेराँजे. जानेवारी २०१७ मध्ये अनिरुद्ध जगन्नाथांनी राजीनामा दिला आणि मुलगा प्रविंद पंतप्रधान झाला, निवडणूक न होता. घराणेशाही आपल्याला नवी नाही. फरक खालच्या पातळीवर आहे. टेंडर समितीत पाच माणसं बसवायची. एक बोली लावणाऱ्याच्या बायकोचा मावसभाऊ, दुसरा त्याच्याच शाळेतला, तिसरा पूर्वी त्याच्याकडे नोकरीला. सगळ्यांनी प्रामाणिकपणे अंग काढून घेतलं तर समितीच उरत नाही. म्हणून नियमाच्या जोडीला परकेपणा आयात करावा लागतो: बाहेरचा लेखापरीक्षक, बाहेरचा सल्लागार, मोठ्या चौकशीला बाहेरचा न्यायाधीश. स्वातंत्र्याला अर्धशतक उलटून गेलं तरी शेवटचं अपील लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे जातं ते याचसाठी. आपल्याकडच्या राष्ट्रवादी मनाला हे खटकतं. तिथल्या वकिलांना विचारा, बहुतेक जण म्हणतील राहू द्या. २००८ मध्ये तर ते न्यायाधीश पोर्ट लुईत येऊन बसले आणि तिथेच सुनावण्या घेतल्या. ज्याला संध्याकाळच्या लग्नात ना वादी भेटणार ना प्रतिवादी, असा न्यायाधीश ही त्या बेटावर फार मोलाची गोष्ट आहे.

दुसऱ्या टोकाला, देशाचं पोट ज्यावर चालतं त्या गोष्टी ठरतात तिसऱ्याच गावी. साखरेचं घ्या. १९७५ च्या लोमे करारापासून (युरोपचा जुन्या वसाहतींशी झालेला व्यापार करार) युरोपने मॉरिशसची वर्षाला सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या दराने घेतली, आणि तो दर जागतिक बाजाराच्या कितीतरी वर होता. त्या पैशावर शाळा चालल्या, पेन्शन चालली, पुढे कापड गिरण्यांना भांडवल मिळालं. मग ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि थायलंड यांनी युरोपच्या साखर धोरणाविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. त्या भांडणात मॉरिशस पक्षकारही नव्हता. २००६ पासून चार वर्षांत दर ३६ टक्क्यांनी उतरवायचं ठरलं. त्याच सुमाराला, १ जानेवारी २००५ ला, कोणत्या देशाने किती कापड निर्यात करायचं हे ठरवणारा जागतिक कोटा संपला. एकाच वेळी दोन्ही खांब हलले. अर्थमंत्री रामा सितानेन यांनी करांचे दर सरसकट १५ टक्क्यांवर आणले, परदेशी गुंतवणुकीला दारं उघडली, कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देऊन कारखाने एकत्र केले. एकेकाळी वीसच्या आसपास कारखाने होते, आता तीन. साखरपट्ट्यातला कुणीही वाचक सांगेल की हे आपल्याकडे करून दाखवणं किती कठीण आहे. ही मॉरिशसची कमाई मी मनापासून मानतो. एका गोष्टीकडे मात्र दुर्लक्ष झालं. मोठ्या इस्टेटींनी उसाची जमीन व्हिला आणि गोल्फ कोर्सकडे वळवली, दोन-तीन एकरवाल्या लहान ऊसवाल्याला तो रस्ता नव्हता. त्याने ऊस सोडला, रान पडीक पडलं.

भारताशी असलेल्या कर कराराचीही तीच गत. १९८३ पासून लागू असलेल्या या करारानुसार मॉरिशसच्या कंपनीने भारतात शेअर विकून नफा कमावला तर कर फक्त मॉरिशसने लावायचा, आणि मॉरिशसमध्ये भांडवली नफ्यावर करच नाही. १९९१ नंतर जगभरचा पैसा पोर्ट लुईच्या एखाद्या पत्त्यावरून मुंबईच्या शेअर बाजारात येऊ लागला. कित्येक वर्षं भारतात येणाऱ्या परदेशी गुंतवणुकीत पहिला नंबर या बेटाचा. एबेन या कार्यालयांच्या वसाहतीतल्या काचेच्या इमारतींत हजारो पदवीधरांना नोकऱ्या मिळाल्या. १० मे २०१६ ला करार बदलला आणि दोन वर्षांच्या सवलतीनंतर एप्रिल २०१९ पासून भारताचा पूर्ण कर लागू झाला. भारताच्या बाजूने ते योग्यच होतं, आपला महसूल गळत होता. सावरतात तोवर फेब्रुवारी २०२० मध्ये काळ्या पैशावर नजर ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने देशाला करड्या यादीत, म्हणजे कच्च्या नियंत्रणामुळे निगराणीखाली ठेवलेल्या देशांत टाकलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये बाहेर पडेपर्यंत कायदे, निरीक्षक, अहवाल यांची जी धावपळ झाली त्यात इतर खात्यांची हुशार माणसं ओढली गेली. मघाशी म्हटलेलं टेबल आठवा.

आणि कोविडच्या ऐन भरात, २५ जुलै २०२० ला, वाकाशिओ हे जपानी मालकीचं, पनामाचा झेंडा लावलेलं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर पॉइंट देस्नीच्या प्रवाळावर चढलं. पोटात चार हजार टनांच्या जवळपास इंधन. बारा दिवस ते तिथेच अडकून होतं. ६ ऑगस्टला तेल गळू लागलं, सुमारे १,००० टन समुद्रात गेलं. सफाई अधिकाऱ्यांवर सोडा असं सरकारने बजावलं तरी माहेबूरच्या धक्क्यावर लोक जमले आणि उसाचं पाचट कापडी पिशव्यांत ठासून, रिकाम्या प्लास्टिक बाटल्या बांधून त्यांनी लांबच लांब तरंगते बांध शिवले. कुणी केस कापून दिले, केस तेल धरतात म्हणून. शिवणाऱ्यांत हॉटेलातले बेकार झालेले होते, शाळकरी पोरं होती, कोळी होते. महिनाअखेरीला पोर्ट लुईत प्रचंड मोर्चा निघाला. सरकारने ते बारा दिवस काय केलं, हा त्यांचा सवाल रास्त होता. पण एवढं जहाज ओढून काढतील असे टग आणि तज्ज्ञ बेटावर नव्हतेच, ते बाहेरूनच यायचे होते. वीस लाख चौरस किलोमीटरहून मोठा समुद्र ज्याच्या नावावर आहे, त्याला तो राखायला लागणारी साधनं परवडत नाहीत. भरपाईचंही तेच. जहाजमालकाची जबाबदारी किती, हे मॉरिशसने जहाजमालकांच्या भरपाईची मर्यादा ठरवणारा १९७६ चा आंतरराष्ट्रीय करार मान्य केला की १९९६ ची त्यापुढची, जास्त रकमेची सुधारणा, यावर ठरत होतं. सुधारणा मान्य करायची राहून गेली होती. अशा न झालेल्या सह्या प्रत्येक लहान देशाच्या कपाटात पडलेल्या असतात, आणि जहाज चढेपर्यंत त्या कुणालाच दिसत नाहीत.

पाण्याबद्दल एवढंच: मधल्या पठारावर धो धो पाऊस पडतो, तरी नोव्हेंबर-डिसेंबरात नळ ठराविक तास चालतात, कारण निम्म्याहून जास्त पाणी जुन्या पाइपांतून गळतं किंवा हिशेबात येत नाही. २०१४ च्या प्रचारात चोवीस तास पाण्याचं वचन होतं. पाइप बदलायला पैसा लागतो, पैशाला पाणीपट्टी वाढवावी लागते, पाणीपट्टी वाढवली की पुढचं तुम्ही ओळखालच. हे नाशिककराला वेगळं समजावून सांगायला नको.

शेवटी एक गोष्ट, जी ‘लहान बेट’ म्हणताना सगळेच विसरतात. मॉरिशस हे एक बेट नाही. सुमारे ६०० किलोमीटर पूर्वेला रॉड्रिग्ज, तिथे चाळीस-पंचेचाळीस हजार माणसं, ज्यांनी १९६७ मध्ये स्वातंत्र्याविरुद्ध जवळपास एकमुखी मत दिलं होतं. २००१ च्या कायद्याने त्यांना स्वतःची प्रादेशिक सभा मिळाली, पण तिचा बहुतेक पैसा पोर्ट लुईहूनच येतो, आणि पोर्ट लुईबद्दल त्यांची तक्रार तीच जी पोर्ट लुईची लंडनबद्दल असायची. हजारेक किलोमीटर उत्तरेला आगालेगा, वस्ती जेमतेम तीनशे. तिथे भारताने बांधलेल्या तीन किलोमीटरच्या धावपट्टीचं उद्घाटन २९ फेब्रुवारी २०२४ ला झालं. नारळ वेचणाऱ्या तीनशे माणसांना एवढी धावपट्टी कशाला, हा प्रश्न मॉरिशसच्या संसदेत बऱ्याचदा विचारला गेला, उत्तर मोघमच मिळालं.

आणि चागोस. १९६५ मध्ये ब्रिटनने तीस लाख पौंड देऊन ही बेटं मॉरिशसपासून तोडली, पुढे रहिवाशांना उठवलं आणि त्यातलं दिएगो गार्सिया बेट अमेरिकेच्या लष्करी तळाला दिलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मॉरिशसच्या बाजूने मत दिलं. २२ मे २०२५ ला करारावर सह्या झाल्या: सार्वभौमत्व मॉरिशसचं, तळ ९९ वर्षं ब्रिटनकडे, बदल्यात दरवर्षी भाडं. सही म्हणजे खात्यात पैसे नव्हेत, तरी त्याच जूनच्या बजेटमध्ये पहिल्या तीन वर्षांचं भाडं कर्ज फेडायला धरलं होतं. करार चागोसवासीयांना विचारून झालेला नाही, अशी त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार आहे आणि ती खरी आहे. दिएगो गार्सियावर त्यांना राहायला जाता येणार नाही. दूरच्या इतर बेटांवर जायची मुभा आहे, पण तिथे धक्का, पाणी, वीज, दवाखाना, शाळा काहीच नाही, आणि करारात चागोसवासीयांसाठी ठेवलेला चार कोटी पौंडांचा निधी एवढ्या सगळ्याला पुरणारा नाही. पहिलं जहाज सोडायच्या आधी पोर्ट लुईच्या अर्थखात्याला ठरवावं लागेल, शंभर-दोनशे माणसांच्या वस्तीसाठी नर्स कायम ठेवायची की महिन्यातून एकदा बोटीने पाठवायची, आणि ती नर्स रॉड्रिग्जच्या इस्पितळातून काढायची का.